चांदोलीत मुलांना शिकवायला नेताना: तिसरी-चौथीच्या क्षेत्रभेटीची तयारी, क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

चांदोली राष्ट्रीय उद्यानातून परतणाऱ्या गाडीत मुलांना विचारावं, "काय काय पाहिलं?", तर बहुतेक वेळा एकच उत्तर येतं: "काहीच दिसलं नाही, बाई." जंगलात चार तास घालवून आलेली मुलं असं म्हणतात, तेव्हा चूक त्यांची नसते. आपण त्यांना प्राणी दाखवायला नेलेलं असतं आणि भर दुपारी, पन्नास पोरांच्या गलक्यात प्राणी दिसत नाहीत.

पहिल्या वेळी मीही हेच केलं. चोपन्न मुलं, एक बस, आणि गेटवर पोहोचायला सकाळचे अकरा. जंगलात शिरल्यावर मुलं खिडकीतून "वाघ, वाघ" ओरडत होती. मी झाडांची नावं सांगत होते आणि मागच्या बाकांवर काहीही ऐकू जात नव्हतं. दुसऱ्या दिवशी 'माझी सहल' या विषयावर निबंध लिहून घेतला. त्यात डब्याचं आणि गाडी लागल्याचं वर्णन होतं, जंगल दोन ओळींत संपलं होतं.

त्यानंतर मी क्रमच बदलला. आता तयारी दोन महिने आधी शाळेच्या आवारात सुरू होते. जंगलातला दिवस मध्ये येतो आणि शेवट पुन्हा आवारातच होतो. तिसरी ते पाचवीच्या 'परिसर अभ्यास'साठी हाच क्रम खाली दिला आहे. टप्पे पुढे-मागे करू नका, कारण बहुतेक बिघाड तिथेच होतो.

## टप्पा १: आधी प्रश्न ठरवा, मग जागा (दोन महिने आधी)

'जंगलाची माहिती' हा क्षेत्रभेटीचा विषय होऊ शकत नाही. एक प्रश्न निवडा, एकच. तो निवडताना तीन गोष्टी बघा. उत्तर जमिनीवर, हाताच्या अंतरावर मिळालं पाहिजे, प्राणी दिसण्यावर अवलंबून नको. तोच प्रश्न शाळेच्या आवारातही तपासता आला पाहिजे. आणि मुलाच्या घराशी त्याचा कुठेतरी संबंध असला पाहिजे.

मी बहुतेक वेळा हा प्रश्न घेते: झाडावरून पडलेलं पान कुठं जातं?

जंगलात कुणी झाडू मारत नाही. दर वर्षी इतका पाला पडतो, तरी झाडं पाल्यात बुडून जात नाहीत. मग तो जातो कुठं? तिसरीतल्या मुलालाही यात खरं कोडं दिसतं. आणि आपल्या भागातल्या मुलांच्या घरी उसाचं पाचट, म्हणजे तोडणीनंतर उरलेली वाळकी पानं, असतं, ते जाळायचं की कुजवायचं हा वाद त्यांनी वडील-आजोबांच्या तोंडून ऐकलेला असतो. घराशी संबंध जोडायला यापेक्षा जवळचं काही मला सापडलेलं नाही.

पाचवीसाठी दुसरा प्रश्न चांगला चालतो: पाऊस थांबल्यावर पाणी कुठं थांबतं? चांदोलीच्या डोंगरातलं पाणी वारणेच्या धरणात येतं, तिथून पुढे हरिपूरजवळ कृष्णेला मिळतं. वारणाकाठच्या गावातल्या मुलाला 'हे आपल्या विहिरीचं पाणी' एवढं कळलं तरी भेट कामी आली. पुढचे टप्पे मात्र पानाच्या प्रश्नावर सांगते.

आता जागा. चांदोली राष्ट्रीय उद्यान हा सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे, त्यामुळे तिथले नियम कडक आहेत आणि ते तसेच असायला हवेत. प्रवासही लांबचा आहे. पहिली-दुसरीच्या मुलांना तिथे नेऊ नका, त्यांच्यासाठी देवराष्ट्रे गावाजवळचं सागरेश्वर अभयारण्य बरं. ते जेमतेम १०.८७ चौरस किलोमीटरचं आणि कुंपण घातलेलं आहे. उघड्या डोंगरावर झाडं लावून ते उभं केलेलं आहे, आणि सांबर, चितळ, काळवीट तिथे आहेत. जंगल कोरडं असल्यामुळे पाला सावकाश कुजतो, पण लहान मुलांना चालायला आणि आपल्याला सांभाळायला सोपं जातं.

महिना निवडताना पाल्याचा विचार करा. नोव्हेंबरअखेर ते जानेवारी हा काळ उत्तम, कारण वरचा पाचोळा कोरडा असला तरी खालच्या थरात ओल टिकून असते आणि कुजण्याचं काम चालू दिसतं. मार्चमध्ये पाला भरपूर पडलेला असतो, पण तो कडकडीत वाळतो, ऊन तापतं आणि वणव्याचा धोका वाढतो. पावसाळ्यात उद्यान पर्यटकांसाठी बंद असतं.

> तपासा: तुमचा प्रश्न एका वाक्यात, चौथीतल्या मुलाला कळेल असा लिहून बघा. वाक्यात 'आणि' आलं तर ते दोन प्रश्न आहेत. एक काढून टाका.

## टप्पा २: शाळेत पाल्याच्या पिशव्या पुरा (भेटीच्या सहा ते आठ आठवडे आधी)

हा टप्पा बहुतेक जण भेटीनंतर करतात. तेव्हा त्याचा काही उपयोग राहत नाही. जंगलात गेल्यावर मुलाच्या डोक्यात 'आमच्या पिशवीत असं झालं असेल का?' हा प्रश्न आधीपासून असला, तरच ते खाली वाकून बघतं.

साहित्य घरचंच आहे. कांद्याच्या जाळीदार पिशवीचे तुकडे, जुनी मच्छरदाणी, सुई-दोरा आणि झाडाखाली पडलेली वाळकी पानं. पानं एकाच झाडाची घ्या. उंबर, पांगारा किंवा करंज चालेल. आंब्याचं किंवा रबराच्या झाडाचं पान घेऊ नका, ती जाड आणि चिवट असतात, दोन महिन्यांत डोळ्यांना फरक दिसत नाही. गुलमोहराची पानं इतकी बारीक की जाळीतून गळून जातात.

पाल्याच्या प्रत्येक पिशवीत बरोबर २० ग्रॅम वाळका पाला भरा. वजन किराणा दुकानातल्या काट्यावर करून आणा, आणि मुलांना सोबत घेऊन जा.

तीन प्रकारच्या पिशव्या करा:

1. कांद्याच्या जाळीची. मोठ्या भोकांतून किडे, मुंग्या, गांडुळं आत जाऊ शकतात.
2. मच्छरदाणीची, चारी बाजूंनी शिवलेली. यात बारीक जीव आणि बुरशी जाते, मोठे किडे जात नाहीत.
3. कांद्याच्याच जाळीची, पण आत चॉकलेटचे आणि वेफर्सचे कागद.

प्रत्येक प्रकारच्या दोन-दोन पिशव्या. एक संच नळाच्या पाण्याची ओल राहते अशा जागी, दुसरा मैदानाच्या कोरड्या कडेला. खोली चार बोटं. शेजारी काठी रोवून रंगीत दोरी बांधा, तारीख लिहा. एक जास्तीची पाल्याची पिशवी वर्गातल्या कपाटात ठेवा, म्हणजे पुढे तुलनेला मूळ पाला हाताशी राहील.

> इशारा: शाळेची साफसफाई करणाऱ्या मावशींना आणि वरच्या वर्गांना हे आधी सांगून ठेवा. एका वर्षी माझा कोरड्या बाजूचा पूर्ण संच स्वच्छता मोहिमेत उकरला गेला आणि पाल्याबरोबर जाळला गेला. मुलं रडवेली झाली होती. चूक माझीच होती, मी कुणालाच कल्पना दिली नव्हती.

## टप्पा ३: परवानग्या आणि पालक (सहा आठवडे आधी)

शाळेकडून लागणारे कागद तुम्हाला माहीत आहेत: शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव, केंद्रप्रमुखांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी, गाडीची कागदपत्रं. त्यावर वेळ घालवत नाही.

वन विभागाला द्यायच्या पत्रात मात्र हमखास चूक होते. पत्रात फक्त 'शैक्षणिक सहल' लिहिलं की तुम्ही पर्यटक ठरता, आणि गाडीतून फिरवून बाहेर सोडलं जातं. पत्रात सविस्तर लिहा: मुलांची संख्या आणि इयत्ता, सोबतची मोठी माणसं, गाडीचा प्रकार, तारीख, तुमचा प्रश्न, आणि मुलांना नेमकं काय करायला मिळावं असं वाटतं ते. उदाहरणार्थ: "वन कर्मचाऱ्यांनी निवडलेल्या जागी गाडीतून उतरून, त्यांच्या देखरेखीखाली जमिनीवरचा पाचोळा पाहायचा आहे. काहीही सोबत नेणार नाही." वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना प्रत्यक्ष भेटून हे पत्र द्या. कुठे उतरायचं, किती वेळ, पायी किती चालायचं हे तेच ठरवतील. उद्यान कोणत्या दिवशी बंद असतं, मोठी बस आत जाते का, शाळांना शुल्कात सवलत आहे का, हे त्याच भेटीत विचारून घ्या.

राष्ट्रीय उद्यानातून पान, दगड, पीस, बी, काहीही बाहेर आणता येत नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला मनाई आहे. 'पानांचा संग्रह' हा उपक्रम यादीत असेल तर आत्ताच काढा.

पालकांच्या संमतीपत्रात नुसती सही घेऊ नका. चार प्रश्न विचारा: दमा आहे का? फिट येते का? मधमाशी किंवा औषधाची ॲलर्जी आहे का? गाडी लागते का? पालक कागदावर 'नाही' लिहून मोकळे होतात, म्हणून पालकसभेत तोंडी पुन्हा विचारा. मला दम्याची दोन मुलं अशीच कळली.

## टप्पा ४: शिक्षकांनी आधी जाऊन यायचं (तीन-चार आठवडे आधी)

हा टप्पा कधीही गाळू नका. दोन शिक्षक, शक्य असेल तर एक पालक सोबत, जायच्या त्याच वेळेला निघा.

वहीत वेळ टिपत जा. शिराळा, कोकरूड, चरण, आरळा, वारणावती असा रस्ता असेल तर कोणत्या गावी किती वाजले ते लिहा. सांगलीहून निघणाऱ्यांनी दोन-अडीच तास धरावेत, आणि मुलं घेऊन जाताना त्यात अर्धा तास वाढवावा. स्वच्छतागृह नेमकं कुठे आहे, किती आहेत, पाणी आहे का ते डोळ्यांनी बघा. या एका गोष्टीवरून मुलींचे हाल होतात आणि त्या दिवसभर पाणी प्यायचं टाळतात.

मोबाइलला रेंज कुठपर्यंत आहे ते बघून ठेवा. आत बऱ्याच ठिकाणी मिळत नाही. परतताना जवळच्या सरकारी दवाखान्यात शिरून एवढंच विचारा: सर्पदंशावरचं प्रतिविष (सापाच्या विषावरचं इंजेक्शन) आहे का, आणि डॉक्टर कोणत्या वेळी असतात?

मग वनरक्षकांसोबत थांबे निवडा. तीन पुरेत. एक उघड्यावरचा, गवताळ किंवा सड्यासारखा. सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचं जांभ्याचं सपाट पठार, मुलांना हा शब्द शिकवाच. दुसरा थांबा दाट झाडीखालचा, जिथे पाचोळ्याचा जाड थर आहे. तिसरा सावलीत निवांत बसायचा. प्रत्येक जागी मान वर करून आग्या मोहोळ आहे का ते बघा. मोठ्या झाडाच्या आडव्या फांदीखाली किंवा कड्याला काळपट पोळं लटकलेलं दिसलं, तर ती जागा रद्द.

> तपासा: तिन्ही थांब्यांमधलं मुलांचं एकूण चालणं दीड किलोमीटरच्या आत आहे का? तिसरीतलं मूल यापुढे पायांकडे बघत चालतं, झाडांकडे नाही.

## टप्पा ५: आवारात तालीम (शेवटचे दोन आठवडे)

जंगलात जे करायचं ते सगळं मुलांनी आधी शाळेत करून झालेलं असलं पाहिजे. जंगलात पहिल्यांदा सूचना द्यायला लागलात की अर्धा वेळ त्यातच जातो. तीन तालमी घ्या, प्रत्येकी एका तासिकेची.

शांत बसण्याची तालीम. मुलांना आवारात हातभर अंतर ठेवून बसवा. कागदाच्या मध्यभागी फुली, ती म्हणजे मी. ज्या दिशेने आवाज आला, त्या दिशेला त्या आवाजाची खूण करायची. हा आवाजाचा नकाशा. पहिल्या दिवशी दोन मिनिटं, मग तीन, मग पाच. पहिल्या दिवशी कागदावर फक्त मोटारसायकल आणि घंटा असते. तिसऱ्या दिवशी बुलबुल, खार आणि पत्र्यावर पडणारं पान येतं.

रिंगणाची तालीम. चार हात सुतळीचं रिंगण जमिनीवर टाकायचं आणि फक्त त्याच्या आतलं बघायचं. रिंगण नसेल तर मुलं सगळीकडे बघतात आणि काहीच बघत नाहीत. एक रिंगण मैदानात, एक झाडाखाली. शाळेत थर्मामीटर असेल तर दोन्हीकडच्या जमिनीचं तापमान घ्या, नसेल तर तळहात टेकवून बघायला सांगा.

भिंगाची तालीम. गावात ओढ्याकाठी उंबर असतोच. त्याचं पिकलेलं फळ खाली पडलेलं आणा आणि उघडून भिंगाखाली ठेवा. आत बारीक केंबरं दिसतात. मुलं "ई" करतात. मग सांगा, हीच केंबरं नसती तर उंबराला बी धरलं नसतं. उंबराची फुलं फळाच्या आत असतात, आणि इतकीशी माशी फळाच्या टोकाच्या भोकातून आत शिरून परागकण पोहोचवते. किड्याकडे बघण्याची मुलांची नजर इथे बदलते. ती आवारातच बदललेली बरी. वहीत ठेवून जाळी पडलेलं पिंपळाचं पानही याच तासाला आणायला सांगा, त्याचा उपयोग पुढे आहे.

हाताच्या खुणाही पक्क्या करा: मूठ वर म्हणजे जागीच थांबा, तोंडावर बोट म्हणजे आवाज बंद, दोन्ही हात डोक्यावर म्हणजे माझ्याजवळ या.

## टप्पा ६: गट, कपडे, डबा (आदल्या आठवड्यात)

एकूण मुलं तीसच्या वर नकोत. वर्ग मोठा असेल तर दोन भेटी करा. आठ मुलांमागे एक मोठं माणूस, आणि त्या माणसाला आपल्या आठ जणांची नावं पाठ हवीत. पालक सोबत येत असतील तर त्यांना स्वतःच्या मुलाच्या गटात ठेवू नका.

कपडे मळखाऊ रंगाचे, पूर्ण बाह्यांचे, पूर्ण पायाचे. पायमोजे पँटवर ओढायचे, कारण गवतात गोचीड असतात. चप्पल नको. अत्तर, सेंट, वासाचं तेल नको, कारण वासाने मधमाश्या बिथरतात. सकाळी गारठा असतो, स्वेटर हवाच.

डब्यात भाकरी-चटणी, चपाती-भाजी, शेंगदाण्याची पोळी, गुळाचा खडा. पुड्यातला कोणताही खाऊ नको. पाणी प्रत्येकी दीड लिटर.

शिक्षकांच्या पिशवीत: जुनं पांढरं धोतर किंवा चादर, लांब दांड्याचा डाव (मोठी पळी), गटाला एक भिंग, सुतळीची रिंगणं, पुठ्ठ्याला लावलेले कागद आणि पेन्सिली, प्रथमोपचार पेटी, दम्याच्या मुलांचे पंप, उलटीसाठी पिशव्या, एक जोड जास्तीचे कपडे. अडचणीच्या वेळचे क्रमांक प्रत्येक मोठ्या माणसाच्या खिशात कागदावर लिहून द्या: रुग्णवाहिका १०८, वन विभाग १९२६, आपत्कालीन मदत ११२.

## टप्पा ७: प्रत्यक्ष दिवस

पहाटे साडेपाचला निघा, म्हणजे आठ-साडेआठला पोहोचाल. नाश्ता पोहोचल्यावर द्या. आधी दिला तर वळणांवर मुलांना गाडी लागते. मग स्वच्छतागृह, हजेरी, गेटवरच्या नोंदी.

आत शिरण्याआधी मुलांना वाघाचं खरं काय ते सांगून टाका. "आज वाघ दिसणार नाही. आपण पान कुठं जातं ते शोधायला आलोय." मुलं दोन मिनिटं हिरमुसतात आणि मग कामाला लागतात. गव्याचा कळप किंवा शेकरू दिसलं तर ते वरचं बक्षीस.

पहिला थांबा, उघड्यावर (२० मिनिटं). पाच मिनिटं आवाजाचा नकाशा. मग रिंगण टाका. पाला किती? माती किती? हात टेकवल्यावर काय लागतं? इथे पाला जवळपास सापडणार नाही, सापडला तर कुरकुरीत वाळलेला. नोंद करून पुढे चला.

दुसरा थांबा, झाडीखाली (४० मिनिटं). सगळ्या दिवसाचं सार इथे आहे, घाई करू नका.

> इशारा: पाचोळ्यात मुलांनी हात घालायचा नाही, दगड उलटायचा नाही. फुरसं, घोणस, विंचू तिथेच असतात. आधी वन कर्मचारी काठीने जागा बघतील. मग एका मोठ्या माणसाने लांब डावाने पाचोळा उचलून पांढऱ्या कापडावर ठेवायचा. खाजकुयलीच्या वेली आणि शेंगा असतील तिथे थांबूच नका, तिची लव अंगाला लागली की मुलांचा दिवस तिथेच संपतो.

पाचोळा थराथराने उचला, हे महत्त्वाचं. वरचा थर वेगळा, त्याखालचा वेगळा, अगदी मातीला टेकलेला वेगळा. कापडावर तीन ढीग शेजारी-शेजारी मांडा आणि गप्प बसा.

वरच्या ढिगात पानं पूर्ण असतात, कोणत्या झाडाची ते ओळखू येतं. मधल्या ढिगात ती काळपट, ओलसर, भोकं पडलेली, काहींची फक्त शिरांची जाळी उरलेली. कुणीतरी नक्की म्हणेल, "वहीतल्या पिंपळासारखं!" तिथे भिंग द्या. पानांना चिकटलेले पांढरे धागे दिसतील, ती बुरशी. अंगाची गुंडाळी करणारा वाणी, वाळवी, इवल्या गोगलगाई, उड्या मारणारे टाचणीच्या टोकाएवढे जीव सापडतील. खालच्या ढिगात पानच नसतं. काळी, भुसभुशीत, पावसाळी वासाची माती असते, आणि तिच्यात झाडाची केसासारखी मुळं शिरलेली असतात.

या वेळी शिक्षकाची मोठी चूक म्हणजे बोलणं. "हा बघा वाणी, हा मृतभक्षी" असं तुम्ही सांगितलंत की मुलं बघायचं सोडून लिहायला लागतात. मूल विचारेल, "बाई, हे काय?" तर तुम्ही विचारा, "काय करतंय ते?" नाव शेवटी सांगा, किंवा शाळेत गेल्यावर. माझ्या वर्गातल्या एका मुलीने वाण्याला 'पान चावणारी आगगाडी' म्हटलं. ते नाव वर्गात वर्षभर टिकलं, आणि तो काय खातो हे कुणीही विसरलं नाही.

शेवटी मुलांना तिन्ही ढिगांचं चित्र काढायला सांगा आणि बाणाने क्रम दाखवायला लावा. बाण वरून खाली निघतो. एखादं मूल खालच्या मातीतून मुळांकडे आणि मुळांतून पुन्हा झाडावर बाण काढतं. त्याला सगळ्यांना समजावून सांगू द्या, तुम्ही मध्ये पडू नका.

पाचोळा त्याच क्रमाने, त्याच जागी परत ठेवा. कापड झटका, कोणताही जीव त्यात राहता कामा नये.

तिसरा थांबा, सावलीत (२५ मिनिटं). वाटेवर वनरक्षक लेंड्या, शेण, ठसे दाखवतील. गव्याच्या शेणात शेणकिडे, उदमांजराच्या विष्ठेत फळांच्या बिया. त्यांनाच बोलू द्या, त्यांचं रोजचं जंगल आहे. मुलांनी फक्त एक प्रश्न जोडायचा: "याचं पुढे काय होतं?" पानाचा प्रश्न इथे आपोआप मोठा होतो.

साडेबाराच्या आत बाहेर या. जेवण आत नको, बाहेरच्या ठरलेल्या जागी घ्या. वानरांना खाऊ घालू देऊ नका. धरणाच्या पाण्यात कुणीही उतरायचं नाही, कडेचा चिखल फसवा असतो.

> अडचण आली तर:
> गवा समोर आला तर आवाज बंद, पळायचं नाही, सगळ्यांनी एकत्र सावकाश मागे सरकायचं.
> मधमाश्या उठल्या तर हात झटकायचे नाहीत. तोंड-डोकं स्वेटरने झाकून लगेच तिथून लांब, गाडीत. नांगी कातडीत राहिली असेल तर नखाने खरवडून पटकन काढा.
> साप चावला तर चिरायचं नाही, चोखायचं नाही, आवळून बांधायचं नाही. हात-पाय हलू न देता मुलाला आडवं ठेवून थेट दवाखान्यात न्या.

> तपासा: गाडीत चढताना, गाडीतून उतरताना, प्रत्येक थांब्यावर येताना आणि निघताना डोकी मोजा. आकडा मोठ्याने म्हणा, दुसऱ्या शिक्षकाने तो पुन्हा म्हणायचा.

## टप्पा ८: परतल्यावर (दुसऱ्या दिवसापासून)

निबंध नको. दुसऱ्या दिवशी मुलांना गोलात उभं करा, प्रत्येकाला एक चिठ्ठी: पान, वाणी, वाळवी, बुरशी, माती, मूळ, झाड, शेकरू, गवा, शेणकिडा, ऊन, पाणी. सुतळीचा गुंडा एकाकडून दुसऱ्याकडे द्यायचा, मात्र 'मी तुझ्याकडे का देतोय' हे सांगूनच. जाळं तयार झालं की 'वाळवी' खाली बसते आणि आपली सुतळी ओढते. ज्याच्या हाताला ओढ लागली त्याने हात वर करायचा. एकेक करत जवळजवळ सगळे हात वर जातात. इथे वर्गात नेहमी शांतता पसरते, तेव्हा काही समजावू नका, त्यांचं त्यांना बोलू द्या.

मग पुरलेल्या पिशव्या काढा. हाताला हळू, कारण जाळी फाटली तर वजन चुकतं. पाला माती झटकून दोन दिवस सावलीत वाळवा आणि मगच वजन करा. ओला पाला तोलणं ही इथली हमखास होणारी चूक. वजन २० ग्रॅमच्या वर जातं आणि मुलं गोंधळतात. वजनाचा तक्ता फळ्यावर मांडा. कांद्याच्या जाळीतलं आणि मच्छरदाणीतलं किती उरलं? ओलीतलं आणि कोरड्यातलं किती? मुलं कारणं सांगतील. ती चुकीची असली तरी लिहून ठेवा, आणि तपासायचं कसं ते त्यांनाच विचारा. कोरड्या जागी फारसा फरक दिसला नाही तर नाराज होऊ नका, तेही उत्तरच आहे.

तिसरी पिशवी शेवटी उघडा. वेफर्सचे कागद जसेच्या तसे, रंगसुद्धा टिकून.

या तासाला पाचटाचा विषय काढा. "तुमच्या शेतात ऊस तुटल्यावर पाचटाचं काय करतात?" एवढं विचारून थांबा. मागच्या वर्षी चौथीतला एक मुलगा मच्छरदाणीचा तुकडा आणि कांद्याची पिशवी मागून घरी घेऊन गेला. खोडव्याच्या, म्हणजे तोडणीनंतर पुन्हा फुटलेल्या उसाच्या, सरीत त्याने वडिलांना न विचारता दोन पिशव्या पुरल्या आणि मग सांगितलं. दीड महिन्याने तो कांद्याची पिशवी वर्गात घेऊन आला. आतल्या पाचटाचा भुगा झाला होता, बोटांत चुरगाळत होता, आणि त्यात एक जिवंत गांडूळ होतं. ते त्याने मधल्या सुट्टीत आवारातल्या करंजाखाली सोडलं.